वाड्याचे ३६० फोटो व्हीआरमध्ये: कोणतं पॅकेज घ्यावं आणि पैसे कुठे वाचवावे

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईतल्या लोकांना पुढचं पुराण वाचायला नको. घराचे ३६० फोटो (एकाच फोटोत चारी बाजू, वर आणि खाली) काढून ते व्हीआर हेडसेटमध्ये (डोळ्यांवर बांधायचा तो पडदा) दाखवणारी जी सर्व्हिस आम्ही घेतली ती घेण्यासारखी आहे. उजेडाचं काम फार छान करतात, पोरं सांगितलेल्या वेळेला येतात (पुण्यात हे वेगळं लिहावं लागतं), पण त्यांचं सगळ्यात महाग '१२के प्रीमियम' पॅकेज डोळे झाकून घेऊ नका, त्या पैशात दोन जागा जास्त शूट करून घ्या. नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारीही आहेत आणि धंदा नवीन आहे पोरांचा, शिवाय असंच काम करणारे आता कर्वे रोडपासून बाणेरपर्यंत बरेच झालेत, त्यांच्याकडे जाताना पण हे उपयोगी पडेल.

तर आमचा नारायण पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला चाललाय. भाडेकरूंचं सगळं मिटलं, सह्या झाल्या, आणि मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं की वाड्याचे फोटो ढीगभर आहेत पण सगळ्यांत मुंजी, बारशी, केळवणं आणि माणसंच माणसं, घर कुठेतरी मागे अर्धवट. चुलतभावाचं म्हणणं पडलं की ३६० करून घेऊ, आजीला नंतर फ्लॅटमध्ये बसून हेडसेट लावून वाड्यात जाता येईल. काकांनी 'हे कसले थेर' म्हणून घेतलं आणि मग सगळ्यात जास्त सूचना त्यांनीच दिल्या.

दोन प्रकारे शूट करतात हे लोक. एक म्हणजे तो काठीवरचा छोटा कॅमेरा, पुढे एक लेन्स मागे एक लेन्स, एका क्लिकमध्ये अख्खं ३६०. दुसरा म्हणजे डीएसएलआर, त्याला फिशआय लेन्स (एकदम रुंद दिसणारी) आणि खाली खास फिरणारं हेड, त्याच्यावर गोल फिरवत फोटो काढायचे, एक वर एक खाली, आणि मग सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे. छोट्या कॅमेऱ्याला पॉइंटमागे (म्हणजे कॅमेरा उभा करायच्या एका जागेमागे) पाच मिनिटं, दुसऱ्याला पंधरा-वीस. पैसे अर्थात दुपटीच्या वर. आम्ही चौक आणि माजघर डीएसएलआरने घेतलं आणि बाकी सगळं छोट्याने.

फरक कुठे दिसतो तर ओसरीवर. छोट्या कॅमेऱ्याच्या दोन लेन्स पाठीला पाठ लावून असतात, म्हणजे दोघांच्या मध्ये थोडं का होईना अंतर आलंच, दोघींना दिसणारं जग जरासं वेगळं. लांबच्या भिंतीला ते कळत नाही पण कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर काही असलं आणि ते नेमकं जोडावर आलं की तिथे तुटतं. आमच्या ओसरीचा सागवानी खांब नेमका जोडावर आलाय, वरचं नक्षीचं काम एक बोटभर सरकलेलं, आणि मोबाईलवर बघताना कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं बरं का! हेडसेट घातल्यावर आत्या पहिल्यांदा म्हणाली, "अरे खांबाला काय झालंय, चिरलाय का?" डीएसएलआरच्या हेडवर कॅमेरा लेन्सच्या एका ठराविक बिंदूभोवती फिरतो म्हणून जवळच्या वस्तू आणि मागची भिंत एकमेकांच्या तुलनेत हलत नाहीत, माजघरात एकही जोड सापडला नाही, शोधून पण. छोटा कॅमेरा घेणार असाल तर शूट करणाऱ्याला एवढंच सांगा की लेन्सचं तोंड जवळच्या वस्तूकडे ठेव, कड नको. त्याला कळतं, फक्त सांगितल्याशिवाय करत नाही.

आता ते १२के. के म्हणजे हजार, फोटोच्या रुंदीत साधारण किती हजार पिक्सेल (चित्राचे ठिपके) आहेत ते. हे नीट लिहिते कारण यातच सगळ्यांना गंडवलं जातं, आणि गंडवणाऱ्याला पण बऱ्याचदा माहीत नसतं.

टीव्हीवर ४के म्हणजे आपल्याला एकदम काचेसारखं स्वच्छ दिसतं, बरोबर? ते सगळे ३८४० पिक्सेल समोरच्या एका चौकटीत असतात. पॅनोरमात (म्हणजे या ३६० फोटोत) तेच ३८४० पिक्सेल तुमच्या डोक्याभोवती पूर्ण ३६० अंशात वाटले जातात, म्हणजे एका अंशाला जेमतेम साडेदहा. चांगल्या नजरेच्या माणसाचा डोळा एका अंशात साधारण ६० पिक्सेलपर्यंतचं बारकं ओळखतो. म्हणून ४के पॅनो हेडसेटमध्ये घातला की चष्मा काढल्यासारखं वाटतं. ५.७के ला १६ येतात, ८के ला २१ च्या आसपास, १२के ला ३३. डोळ्याची पूर्ण भूक भागवायची तर २१६०० पिक्सेल रुंद फोटो लागेल, २३ कोटी पिक्सेलच्या वर, तो काही कोणी पॅकेजमध्ये देत नाही.

पण गंमत पुढे आहे, फोटोत कितीही असलं तरी दाखवणार हेडसेटच ना. त्यांनी आणलेला हेडसेट म्हणजे मेटाचा क्वेस्ट ३ (२०२३ चा), एका डोळ्याला २०६४ बाय २२०८ पिक्सेल, अंशाला साधारण २५ पिक्सेल. भावाकडचा जुना क्वेस्ट २ साधारण २० वर अडकतो. म्हणजे १२के फोटो घेतला तरी त्यातला बराचसा बारकावा हेडसेटमध्येच अडतो. आम्ही माजघर ५.७के, ८के आणि १२के असं पाठोपाठ लावून बघितलं, ५.७ वरून ८ वर गेलं की लगेच सगळे 'हां हां आता बरंय' म्हणाले, ८ वरून १२ वर गेलं की फक्त भावाला आणि मला फरक कळला आणि तोही देवघराच्या जाळीत. क्वेस्ट २ मध्ये तर मलाही नाही कळला.

आणि के के मध्ये पण फरक आहे. छोट्या कॅमेऱ्याचा १२के म्हणजे नखाएवढ्या सेन्सरमधून ओढून काढलेला, पिक्सेल मोजायला आहेत पण त्यात माल कमी, सावलीत तर सगळं तेलकट दिसतं. डीएसएलआरचा जोडलेला ८के त्यापेक्षा कितीतरी करकरीत वाटला. त्यामुळे आकडा विचारू नका, कुठल्या कॅमेऱ्याने ते विचारा. १२के चा खरा उपयोग मोठ्या मॉनिटरवर झूम करून बघायला, आणि उद्या जास्त चांगले हेडसेट येतील तेव्हासाठी, हे मान्य. वाडा काही परत शूट करता येणार नाही, म्हणून माजघर आणि चौक आम्ही १२के ठेवलेच. जिन्याखालचा बोळ १२के कशाला हवाय कोणाला?

पुराची रेघ हा वेगळाच विषय झाला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आमच्याकडे पाणी कुठवर आलं त्याची रेघ आजोबांनी नंतर ऑइलपेंटने भिंतीवर मारून ठेवलीये, शेजारी तारीख आणि दोन ओळी. बाबांचं एकच म्हणणं, बाकी काही नाही दिसलं तरी चालेल, ते वाचता आलं पाहिजे. शूट झालं, बाबांनी हेडसेट लावला, रेघ दिसतीये, अक्षरं आहेत हे दिसतंय, वाचता येत नाहीये. मग बाबा उठून भिंतीकडे चालायला लागले, पण पॅनोरमात तुम्ही चाललात तरी भिंत जवळ येत नाही, ती तुमच्याबरोबर सरकते. शेवटी सोफ्याला थडकले.

हिशोब सोपाय. अक्षरं साधारण दोन सेंटिमीटर उंच, कॅमेरा तीन मीटरवर, म्हणजे अक्षर अर्ध्या अंशापेक्षाही कमी, त्यात ८के चे पिक्सेल येतात आठ. आठ पिक्सेलच्या उंचीत आपली देवनागरी बसवायची, शिरोरेघा, वेलांटी, उकार, रफार सगळं धरून! इंग्रजी कॅपिटल अक्षरं एखादवेळेस वाचली असती. १२के मध्ये फोटोत बारा-तेरा येतात पण हेडसेट नऊ-दहाच दाखवतो. उपाय १२के नव्हताच, उपाय होता कॅमेरा भिंतीपासून मीटरभरावर नेऊन एक जादा पॉइंट घेणं, तो आम्ही नंतर घेतला आणि आता लख्ख वाचता येतं. तुमच्याकडे कोनशिला, दारावरची पाटी, जुना शिलालेख असं काही असेल तर आधीच यादी करून द्या, आणि एक साधा सपाट फोटो पण त्या जागी टॅप करून उघडेल असा जोडून मागा. ते देतात, फुकट देतात, पण मेन्यूत लिहिलेलं नाही.

आता माणसांचं. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला यातच प्रोजेक्ट करायचंय, त्यामुळे त्याने अख्ख्या खानदानाला बसवून मार्क द्यायला लावले. एकच माजघर, एकदा तसंच, एकदा जेपीईजी खूप दाबून, एकदा ब्लर करून, एकदा दाणे टाकून, कुठला कुठला आहे ते न सांगता, १ ते ५ मार्क. म्हणे चित्राची क्वालिटी जगभर अशीच मोजतात, माणसांना बसवून मार्क घ्यायचे आणि सरासरी काढायची, हेडसेटमधल्या ३६० व्हिडिओसाठी तर आयटीयूचं (संयुक्त राष्ट्रांची टेलिकॉम संस्था) २०२० पासून वेगळं स्टँडर्डच आहे, पी.९१९, त्यात चक्कर मळमळ येते का तेही विचारायचं असतं. आमच्याकडचा निकाल: आजीने सगळ्याला ५ दिले. "आपलंच घर आहे, त्याला काय कमी मार्क द्यायचे?" काकांनी सगळ्याला २, बिल्डरचा राग फोटोवर. भाचा वैतागला, पण मला वाटतं प्रोजेक्टमध्ये लिहिण्यासारखं तेच आहे, ओळखीच्या जागेला माणूस क्वालिटीचे मार्क देतच नाही, वेगळ्याच कशाचे तरी देतो. बाकीच्यांचं बघितलं तर दाण्यांना लोकांनी फार मनावर घेतलं नाही, 'जुना फोटो वाटतोय' म्हणून सोडून दिलं, ब्लरवर मात्र सगळे चिडले, दोघी तर हेडसेट काढून डोळे चोळत बसल्या.

अजून एक त्याने सांगितलं ते पटलं. ३६० चा फोटो फाइलमध्ये सपाट आयत असतो, दुप्पट रुंद, शाळेतल्या नकाशात ग्रीनलंड जसं उगाच फुगतं तसं त्यात छत आणि जमीन फुगलेली असते. सगळ्यात वरची अख्खी ओळ म्हणजे खरं तर डोक्यावरचा एकच बिंदू. त्यामुळे नेहमीच्या सूत्राने क्वालिटी मोजली तर छताच्या पिक्सेलना फुकटचं वजन मिळतं, म्हणून नवीन सूत्रांमध्ये वर-खाली जाईल तसं वजन कमी करत जातात, समोरच्या नजरेपासून ६० अंश वर-खाली गेलं की निम्मं. त्यात पुन्हा बहुतेक माणसं नजरेच्या पट्ट्यातच बघतात, वर-खाली फार कोणी जात नाही. हे सर्व्हिसवाल्यांना पण माहितीये, म्हणून मेहनत मधल्या पट्ट्यावर घेतात आणि छत जरा ढिलं सोडतात. फ्लॅटमध्ये चालेल हो, तिथे वर काय तर पीओपी आणि पंखा. वाड्यात लोक हेडसेट घातल्या घातल्या वर कडीपाट बघतात! आमच्याकडे जवळपास प्रत्येकाने मान वर केली, आणि छोट्या कॅमेऱ्याच्या फोटोंमध्ये कडीपाटावर ब्लरचे चट्टे आहेत. तक्रार केली तर म्हणाले, "मॅडम, वर कोणी बघत नाही."

आणि खाली? खाली ट्रायपॉड लपवायला त्यांचा गोल लोगो. मोठा. फोन नंबरसकट. देवघरात उभं राहून खाली बघितलं तर पायाखाली नंबर, म्हणजे नमस्कार करायला वाकायचं आणि ऑफर वाचायची. काढा म्हटलं तर त्याचे वेगळे पैसे सांगितले. डीएसएलआरवाल्या दोन फोटोंत शहाबादी फरशी नीट भरून दिलीये, म्हणजे येतं त्यांना, करत नाहीत.

कॅमेऱ्याच्या उंचीबद्दल कोणीच बोलत नाही आणि मला तर वाटतं के-बीके पेक्षा तीच महत्त्वाची. हेडसेटमध्ये तुमचा डोळा जिथे कॅमेरा होता तिथेच असतो, पर्याय नाही. त्यांनी सवयीने सगळीकडे साधारण १६५ सेंटिमीटरवर लावला. आजी हयातभर माजघरात पाटावर बसलेली, उभी राहिली तरी पाच फुटाच्या आत, तिला तिचंच माजघर ठेंगणं दिसलं. "हे खालती का गेलंय सगळं?" म्हणाली. फोटो करकरीत आहे, उजेड सुंदर आहे आणि तरी तिला 'बरोबर नाही' वाटतंय, आणि कारण तिला सांगता येत नाहीये. नंतरच्या खेपेला त्याच जागी बसल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर एक घेतला, तो आजीचा सगळ्यात आवडता. तो छोट्या कॅमेऱ्याचाच आहे, ८के ला आणलेला. घरात कोण बघणार आहे ते आधी ठरवा आणि तशी उंची सांगा, याला एक पैसा जास्त लागत नाही.

दुसरं म्हणजे दोन्ही डोळ्यांना एकच फोटो दिसतो, त्यामुळे खरी खोली नसते. चौकात कळत नाही, सगळं लांब आहे. पण कोनाड्यासारखी जवळची गोष्ट मोठी आणि चपटी दिसते, पडद्यावर रंगवल्यासारखी. दोन डोळ्यांचे वेगळे फोटो वाला थ्रीडी प्रकार असतो पण तो या पैशात नाही म्हणाले. भाचा आता ते स्प्लॅटिंग का काय ते (बऱ्याच फोटोंवरून जागेचं थ्रीडी रूप उभं करायची पद्धत) करायचं म्हणून मागे लागलाय, त्यात म्हणे वाकून खांबाच्या मागे पण बघता येतं, त्याने करून दाखवलेल्या नमुन्यात तुळशीला केस फुटल्यासारखे दिसत होते, बघू.

उजेड मात्र खरंच मानलं. वाड्यात शूट करणं म्हणजे काय विचारूच नका, चौकात रणरणतं ऊन आणि माजघरात दिवसासुद्धा दिवा लावायची वेळ, एका क्लिकमध्ये एक तर चौक पांढरा फटक नाहीतर माजघर काळं कुळकुळीत. त्यांनी प्रत्येक दिशेला कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो काढून मिसळलेत आणि मिसळलेले कळत नाहीत, फक्त वाऱ्याने हललेल्या तुळशीच्या पानांना जरा भूत लागलंय. पण आत्याचं वेगळंच. "इतका उजेड कधी होता रे माजघरात? हे आपलं नाहीच." आणि ती बरोबर होती, कोपरा न् कोपरा दिसेल इतकं उजळवलं होतं, दुकानासारखं. मग एक अंधारी आवृत्ती मागून घेतली. गंमत म्हणजे तिशीच्या आतल्या सगळ्यांना उजळ आवडली आणि वाड्यात वाढलेल्या सगळ्यांना अंधारी. दोन्ही फायली ठेवल्यात. एडिटिंगची एक फेरी फुकट असते, ती यासाठी वापरा.

हेडसेटबद्दल थोडं. 'फोटो ब्लर आहे' अशी निम्मी तरी तक्रार फोटोची नसतेच, हेडसेट खाली-वर बसलेला असतो. क्वेस्ट २ च्या लेन्स फ्रेस्नेल, त्यात मधोमध छोटीशी जागा स्वच्छ आणि कडेला सगळं फराटं, डोकं न हलवता नुसते डोळे फिरवले की गेलं. क्वेस्ट ३ च्या पॅनकेक लेन्स, कडेपर्यंत बऱ्यापैकी साफ, ज्येष्ठ मंडळींना तोच द्या. खालचं चाक फिरवून दोन डोळ्यांमधलं अंतर जुळवा, आणि चष्मेवाल्यांसाठी डोळे आणि लेन्समध्ये जास्त जागा करायची सोय असते ती वापरा नाहीतर चष्म्याची काच लेन्सला घासते. आणि कृपा करून लेन्स पदराने पुसू नका. खुर्चीत बसवून दाखवा, फिरणारी खुर्ची असली तर उत्तम.

डिलिव्हरीत मात्र नाराज. आधी एक लिंक पाठवतात, ती उघडली की वाडा लोण्यासारखा मऊ दिसतो, कारण पेज लवकर उघडावं म्हणून लिंकवर छोटा केलेला फोटो असतो, ओरिजिनल नाही. आमच्याकडे तर त्याच्यावरून 'पैसे पाण्यात' पर्यंत चर्चा गेली होती. ओरिजिनल फायली मागून घ्या, पेनड्राइव्हवर, एकेक वीस-पंचवीस एमबीची निघते, आणि केबलने हेडसेटमध्ये टाका, एकदम वेगळाच वाडा दिसतो. फॅमिली ग्रुपवर फोटो म्हणून टाकू नका, वॉट्सअॅप तो छोटा करतं आणि 'हा ३६० आहे' ही आतली माहिती पण गळते, मग एक लांबडी वाकडी पट्टी दिसते आणि अमेरिकेतून फोन येतो की हे काय पाठवलंय. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तुलनेला म्हणून आत्याने बाहेरची गल्ली पण बघितली. गूगल स्ट्रीट व्ह्यू २०२२ ला भारतात पुन्हा आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं. तो गाडीच्या टपावरचा कॅमेरा, त्यामुळे सगळी गल्ली जिराफाच्या नजरेने दिसते, पण आत्या त्यात जास्त वेळ रमली, कारण गल्लीत माणसं आहेत. आमच्या पॅकेजात वाडा झाडून पुसून रिकामा करून शूट केलाय, एक माणूस नाही. कोणाला ठेवायचं असेल तर त्याला जोडावर उभं करू नका एवढंच.

आम्हाला पॉइंटमागे छोट्या कॅमेऱ्याचे हजार आणि डीएसएलआरचे अडीच हजार पडले, हेडसेट एक दिवस त्यात धरून. साडेतीन स्टार देते, लोगो फुकट काढला तर चार. माळ्याचं शूट राहिलंय, तिथे बसल्या उंचीवरच लावावा लागेल, उभं राहता येतच नाही. पेठेत राहणाऱ्यांनी बुकिंग गणपतीचे मांडव उभे राहायच्या आधीचं घ्या, नंतर गल्लीत त्यांची गाडीच येत नाही आणि चौकातला उजेडही मांडवाच्या कापडाने निळा-पिवळा होतो, तो काही एडिटिंगच्या फुकट फेरीत निघत नाही.